पाटीवरचं नाव

आमच्या चांदूर रेल्वेच्या चर्चच्या मंडळीत कोणालेही विचारा, जानराव मास्तरांचा आवाज कुठं आहे, तर लोक माह्याकडे बोट दाखवतील. थट्टा नाही करून राहिली मी. पाच वर्षांआधी नागपूरले मास्तरांच्या, म्हणजे माह्या बुढ्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन आत गाठ झाली होती. डॉक्टरनं आवाजाची पेटीच काढून टाकली अन् श्वास घ्यायले गळ्याले एक भोक ठेवलं. तीस वर्षं शाळेत पोट्ट्याइले ओरडून शिकवलं, दर रविवारी मंडळीत उभं राहून देवाचं वचन सांगतलं, तो माणूस एका दिवसात मुका झाला. मी बोंबलून बोंबलून सांगत होती, अजी, ते खर्ऱ्याची पन्नी फेका. पण ऐकते कोण?

आमची मंडळी लहान. बावीस घरं. पाळकसाहेब अमरावतीले राहतात, महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी उपासना चालवायचा तो आमचा बुढाच. ऑपरेशन झाल्यावर मंडळीचे दोघं-तिघं घरी आले, म्हणाले, मास्तर, आता आराम करा, आमी पाहतो दुसऱ्या कोणाले. बुढ्यानं शाळेतली जुनी पाटी घेतली अन् लिहिलं, "मी लिहीन. जमुना वाचेल."

जमुना म्हणजे मी. मले कोणी विचारलंही नाही, बरं का.

तेव्हापासून हेच चाललं. बुढा शुक्रवारी-शनिवारी वहीत संदेश लिहायचा अन् रविवारी मी त्याच्या बाजूले उभी राहून वाचायची. तोही उभाच राहायचा, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, गळ्याले मफलर बांधून. राग यायच्या जागी तो डोळे मोठे करायचा, मी आवाज चढवायची. कधी कधी मी एखादं वाक्य पदरचं घालायची. मंग तो खडूनं पाटीवर ठकठक करायचा, लोक हसायचे. बँकेत, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे तसंच. तो लिहिणार, मी बोलणार. पण पदरचं घातलं असेल, बुढ्यानं लिहिलेलं मी कधी बदललं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुमी विश्वास ठेवणार नाही.

अमोल आमचा एकुलता एक. बसस्टँडजवळ त्याचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. दोन वर्षांआधी त्याचं लग्न झालं, अकोल्याच्या रागिणीसोबत. जठारपेठेत तिचं माहेर. नर्स आहे ती, बोलायले कमी, कामाले वाघीण. मागच्या सप्टेंबरात अमोलले डेंग्यू झाला. सोमवारी ताप आला, गुरुवारी अमरावतीले भरती केला, रविवारी गेला. एकतीस वर्षांचा होता. रागिणीले सहावा महिना होता. याच्यापेक्षा जास्त माह्याच्यानं सांगवत नाही.

नंतरचे दिवस कसे गेले ते मले आठवत नाही. लोक यायचे, बसायचे, गाणी म्हणायचे, प्रार्थना करायचे. मी डोळे मिटायची, पण आत काही नव्हतं. देवाले विचारायची, कावून? का नेला? तर तिकडून काहीच नाही. बुढा अन् देव, दोघंही मुके.

नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारी मी अंगणात बाजेवर डाळ निवडत बसली होती. डुलकी लागली. अन् अमोल दारातून आत आला. डोकं ओलं, आंघोळ करून यायचा तसा. माह्या पायाशी बसला अन् म्हणाला, "आई, माहं नाव जाऊ देऊ नको." बस, एवढंच. मी जागी झाली तर ताटातली डाळ सारी खाली सांडली होती अन् कोंबड्या खाऊन राहिल्या होत्या.

मी तशीच बुढ्याकडे धावली. "अजी, मले दर्शन झालं! अमोल आला होता. पोट्टा होणार आहे, अन् त्याचं नाव अमोलच ठेवायचं आहे. देवानं सांगतलं."

बुढ्यानं पाटी घेतली. "झोपली होती का?"

"झोपली होती, मंग? मरियेच्या योसेफाले देवदूत झोपेतच दिसला. त्याले कोणी विचारलं का, बाबा रे, झोपला होता का म्हणून?"

बुढ्यानं पाटी पुसली. मंग त्यानं हळूहळू लिहिलं, "योसेफाले जे सांगतलं ते त्याले नको होतं. तुले जे सांगतलं ते तुले हवंच होतं."

माह्या अंगाचा असा भडका उडाला! "म्हणजे देव माह्या मनासारखं एकदाही बोलणार नाही का? एवढा जवान लेक नेला. एक शब्द देऊ नये त्यानं मले? एक नाव?"

बुढ्यानं खडू खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. मले ते दिसलं, पण मी थांबली नाही. मी म्हटलं, "तुमी बापच नाही."

हे मी बोलली. आता परत घेता येत नाही.

शेजारच्या रजियाबीले मी दर्शन सांगतलं. चाळीस वर्षांचा शेजार, काही लपत नाही. मले वाटलं ती तरी माह्या बाजूनं बोलेल. तर ती म्हणते, "जमुनाबाई, मेरेकू भी अब्बा आते ख्वाब में. हर शुक्रवार आते. तो क्या मैं पोते का नाम अब्बा रखूं?" मी तिच्याशी आठ दिवस बोलली नाही.

डिसेंबरात रागिणीले पोट्टा झाला. कपाळ हुबेहूब अमोलचं. कानाची पाळी तशीच चिकटलेली. मी दवाखान्यातच त्याले छातीशी धरून म्हटलं, "आला रे माहा अमोल, आला." नर्सा रडल्या. रागिणी नाही रडली. ती भिंतीकडे पाहत होती.

आमच्या मंडळीत लहान लेकराचा बाप्तिस्मा करत नाहीत, अर्पणविधी करतात. सव्वा महिन्यानं आई लेकराले घेऊन पुढं येते, पाळकसाहेब नाव विचारतात, बापानं नाव सांगायचं, अन् मंग पाळकसाहेब लेकराले हातात घेऊन त्या नावानं देवाले अर्पण करतात. बाप नसला तर आज्यानं सांगायचं. म्हणजे आमच्या घरी नाव सांगायचं होतं बुढ्यानं. अन् बुढ्यानं सांगायचं म्हणजे मी सांगायचं.

विधीच्या चार दिवस आधी रागिणी माह्याजवळ येऊन बसली. मी पोट्ट्याले तेल लावत होती.

"आई, मी ह्याचं नाव जोएल ठेवायचं म्हणते."

"जोएल? हे कोणतं नाव व? आपल्या घराण्यात आहे का कोणी जोएल? तुह्या माहेरी आहे का?"

"नाही."

"मंग?"

ती म्हणाली, "म्हणूनच. आपल्या ओळखीत ह्या नावाचं कोणी मेलं नाही, आई."

मी तेल लावत राहिली. मंग तीच म्हणाली, "अमोल म्हणून हाक मारली न, तर माह्याच्यानं रोज जगणं होणार नाही. अन् ह्यानं काय आयुष्यभर बापाचं उरलेलं जगायचं का?"

"मले देवानं सांगतलं आहे," मी म्हटलं. "देवाच्या वरताण झाली का तू?"

ती उठून गेली. मले वाटलं विषय संपला. पण संध्याकाळी पाहते तर बुढ्याच्या खोलीत ती खाली बसली होती अन् बुढ्याच्या मांडीवर पाटी होती. मी दारात दिसली तशी त्यानं पाटी पुसली. मी विचारलं काय चाललं, तर त्यानं खडू खिशात टाकला. एरवी बुढा शनिवारी मले वही द्यायचा, म्हणजे मले घरी एकदा वाचून पाहता येत होतं. त्या शनिवारी त्यानं वही उशाशी ठेवली. रविवारी चर्चच्या पायरीवर माह्या हातात दिली.

चर्च भरलेलं होतं. अमोलचे दुकानाजवळचे दोस्त आले होते, रजियाबी मागच्या बाकावर येऊन बसली होती, पाळकसाहेब अमरावतीहून आले होते. मी वही उघडली अन् वाचायले लागली.

जखऱ्याची गोष्ट होती. लूकच्या शुभवर्तमानातली, आमच्याइकडे लहान लेकरालेही येते. म्हातारा याजक जखऱ्या मंदिरात धूप जाळायले जातो, तिथं देवदूत उभा. म्हणतो, तुह्या बायकोले लेक होईन, त्याचं नाव योहान ठेव. जखऱ्या म्हणतो, ह्या वयात कसं काय? तशी त्याची वाचा बंद. लेकरू होते. आठव्या दिवशी सारे नातेवाईक जमा होतात, बापाचंच नाव देऊन राहिले होते, तर आई अलीशिबा म्हणते, नाही, योहान. लोक म्हणतात, अवं, तुह्या नात्यात ह्या नावाचं कोणी नाही. मंग जखऱ्याले खुणेनं विचारतात. तो पाटी मागतो.

इथपर्यंत मी बरी वाचली. पुढं बुढ्यानं लिहिलं होतं, "लोक म्हणतात जखऱ्याले शिक्षा झाली. मले आता वाटते, देवानं त्याले ऐकायले वेळ दिला. बोलणाऱ्या माणसाले फक्त स्वतःचंच ऐकू येते. अन् देवाचं सांगणं ओळखायचं कसं? मले पाच वर्षांत एकच खूण सापडली. ते आपल्या हातातून काहीतरी सोडायले लावते." त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, "देव लेकरू देते ते लेकरूच असते. गेलेल्या माणसाची भरपाई म्हणून ते येत नाही."

हे मी वाचलं. माह्याच तोंडानं, साऱ्या मंडळीसमोर. बुढ्यानं माहाच आवाज घेऊन मले सुनावलं होतं. कान असे तापले माहे! मी वही फटकन मिटली, अन् लोकाइले वाटलं मले अमोलची आठवण आली.

रागिणी पोट्ट्याले घेऊन पुढं आली. पाळकसाहेबांनी विचारलं, "ह्या बाळाचं नाव काय?"

बुढ्यानं पाटीवर लिहिलं. मोठ्या, गोल, मास्तरी अक्षरात. अन् पाटी माह्यापुढं धरली.

जोएल.

मी ते अक्षर पाहिलं. मले वाटलं, मी हे बोलली की अमोल दारातून परत जाईन, ओल्या डोक्यानं, अन् पुन्हा येणार नाही. मी वर पाहिलं अन् खणखणीत आवाजात म्हटलं, "अमोल."

सगळीकडून हुंदके आले. अमोलचे दोस्त बाकावर डोकं ठेवून रडायले लागले. कोणीतरी म्हणालं, "वा मास्तर, वा!" पाळकसाहेबांनी पोट्ट्याले हातात घेतलं, डोळे पुसले अन् प्रार्थना केली, हे प्रभू, हे लेकरू अमोल आमी तुह्या हातात देतो.

रागिणीनं पाटी पाहिली होती. ती माह्याकडे पाहून राहिली, बस. अन् बुढा? त्यानं ती पाटी लोकाइकडे वळवली असती तर झालं असतं. एक हात फिरवायचा होता. पण त्यानं अक्षरं आत करून पाटी छातीशी धरली अन् प्रार्थना संपेपर्यंत तसाच उभा राहिला. सदऱ्यावर खडूची सारी धूळ लागली. तो सदरा मीच धुतला.

त्याच दुपारी रागिणीनं बॅग भरली. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला घ्यायले. मी लय आकांत केला. म्हटलं, माहा नातू घेऊन चालली का, माहा अमोल घेऊन चालली का? ती उंबरठ्यात थांबली. आवाज चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं.

"आई, मले तुमचा राग नाही. पण तुमी ह्याच्याकडे पाहता अन् त्याले हाक मारता. मंग ह्याच्याकडे कोण पाहीन?"

अन् ती गेली. अकोल्यात एका दवाखान्यात नोकरीले लागली, हे मले मंग दुसऱ्याकडून समजलं.

पुढच्या रविवारी मी सवयीनं पदर सारखा करून पुढं गेली. बुढ्यानं वही माह्याजवळ दिलीच नाही. तिसऱ्या बाकावर पौर्णिमा बसली होती, आमच्या मंडळीतली एक कॉलेजात जाणारी पोरगी. तिले त्यानं खुणेनं बोलावलं अन् वही तिच्या हातात दिली. ती अशी वाचे, जशी बस सुटून राहिली. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, काही पत्ता नाही. मी बाकावर बसून ऐकत होती. पाच वर्षं मी त्या माणसाचा आवाज होती, अन् आता त्यानं आपला आवाज माह्याजवळून काढून घेतला.

घरीही तेच. पाटीवर "मीठ", "पाणी", "दवाई". याच्यावर शब्द नाही. भाजीवाल्याले काय पाहिजे ते तो पाटीवर लिहून स्वतः दाखवायचा. फेब्रुवारी गेला, उन्हाळा गेला. मी भांडली, रडली, भांडी आपटली. म्हटलं, मारा मले, पण काही लिहा. तो माह्या पाठीवरून हात फिरवायचा अन् आपल्या खोलीत जायचा. राग असता तर मी निभावलं असतं. तो माह्यासाठी थांबून राहिला होता, अन् मले ते समजत नव्हतं.

जुलैत पाळकसाहेब आले ते अर्पणविधीचं सर्टिफिकेट घेऊन. इतक्या महिन्यांचं राहून गेलं होतं त्यांच्याकडून. चहा पिता पिता म्हणाले, "जमुनाबाई, जरा पाहून घ्या. लिहिणाऱ्यानं चुकून दोनदा तर नाही लिहिलं?"

मी चष्मा लावला. कागदावर छान अक्षरात लिहिलं होतं: अमोल अमोल खंडारे.

आधी पोराचं नाव, मंग बापाचं. असंच लिहितात सारे. मले हे आधी कसं सुचलं नाही, देव जाणे. दोन अमोल एकाजवळ एक. एक मातीत अन् एक अकोल्यात. अन् कोणता कोणता, ते त्या कागदावरून कोणालेच सांगता आलं नसतं. मी माह्या लेकाचं नाव राखायले गेली होती. मी ते राखलं नव्हतं, मी त्याच्यावर दुसऱ्याले बसवलं होतं.

"बरोबर आहे न?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी त्यांच्यापुढची रिकामी कपबशी उचलली. ते गेल्यावर मी कागद बुढ्याच्या मांडीवर ठेवला. विचारलं, "त्या दिवशी तुमी पाटी कावून नाही दाखवली लोकाइले? तिथंच मले खोटं पाडायचं होतं न. कावून सोडलं?"

सहा महिन्यांनी बुढ्यानं माह्यासाठी पूर्ण वाक्य लिहिलं. "तुले लोकाइसमोर खोटं पाडून ते खरं झालं नसतं." पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. "ज्या तोंडातून खोटं गेलं, त्याच तोंडातून खरं यायले पाहिजे." पुन्हा पुसली. मंग लिहिलं, "मलेही तो दिसते, जमुना. रोज दिसते. मीही बापच आहे."

मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. माह्या डोक्यावर त्याचा हात होता अन् गळ्यातल्या भोकातून त्याचा श्वास घरघर वाजत होता. तो रडत होता. आवाज नसलेल्या माणसाचं रडणं तेवढंच ऐकू येते.

पुढच्या रविवारी गीत संपलं तशी मी उभी राहिली. म्हटलं, "मंडळी, जानेवारीत ह्यांनी पाटीवर जोएल लिहिलं होतं. मी अमोल वाचलं. मास्तर खोटे नाही, मी खोटी आहे. मले दर्शन झालं असं मी म्हणत होती. देवानं सांगतलं ते माह्या समोर पाटीवर लिहिलेलं होतं, अन् मी ते वाचलं नाही. लेकराचं नाव जोएल आहे."

वाटलं होतं काहीतरी होईन. जखऱ्यानं नाव लिहिलं अन् त्याची जीभ सुटली, सारं गाव आश्चर्य करत बसलं. आमच्याइकडे कोणी हुं का चूं केलं नाही. मागून एक बाई कुजबुजली, "काय बाई, चर्चमधी खोटं!" तिचं काय चुकलं? बुढ्याचा गळा काही उघडला नाही. वहीही पौर्णिमानंच वाचली. मी बसून ऐकलं. ऐकल्यानं मले काही शांती आली, असंही नाही. नुसतं हलकं अन् रिकामं वाटत होतं, जसं ताप उतरल्यावर वाटते.

घरी आल्यावर बुढ्यानं पाटीवर दोनच शब्द लिहिले. "अकोल्याले जा."

मी म्हटलं, "ती दार उघडीन का?" त्यानं ते दोन शब्द पुसले नाहीत. पाटी माह्यासमोर ठेवली अन् आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाली. अकोला येईपर्यंत तोंडातल्या तोंडात घोकत होती, जोएल, जोएल, जोएल. शेजारच्या बाईनं विचारलं, माय, जप करून राहिल्या का? मी म्हटलं, हो.

जठारपेठेत दुकानाइच्या मागच्या गल्लीत रागिणीच्या आईचं, शालूबाईचं घर. तिनं दार उघडलं, माह्याकडे पाहिलं अन् बाजूले झाली. "या," एवढंच म्हणाली. आत फरशीवर पोट्टा बसला होता, पाठ माह्याकडे करून. डब्याचं एक झाकण फरशीवर आपटत होता. सात महिने पुरे होऊन आठवा लागला होता. मानेवर तसाच भोवरा, तेच कान. तो माह्या पोटचा लेकच बसला होता तिथं, तीस वर्षांआधीचा.

सारा रस्ता घोकलेलं मी विसरली. तोंडातून आपोआप निघालं, "अमोल!"

त्यानं झाकण आपटलं.

"अमोल, ए बाबू. अमोल."

त्यानं मानही वळवली नाही. ते नाव त्याच्या कानावरून असं गेलं, जसं गल्लीतून कोण्या फेरीवाल्याची हाक जाते. मी वर पाहिलं. रागिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ड्युटीवर जायच्या कपड्यात. मले थांबवलं नाही तिनं.

मी खाली बसली. मी म्हटलं, "जोएल."

तो वळला. झपकन वळला अन् हसला. खाली एकच दात होता त्याले. झाकण हातात घेऊन रांगत रांगत माह्याकडे आला, माह्या गुडघ्याले धरलं अन् चढायले लागला. मी त्याले उचललं, मांडीवर घेतलं. अन् तेव्हा मले समजलं की माहा लेक मेला. सप्टेंबरात मेला, दवाखान्यात, रविवारी सकाळी. दहा महिने मी त्याची वाट पाहत होती. कोणी येणार नव्हतं.

मी जी रडली न बाप्पा, शालूबाई पाणी घेऊन धावत आली. मातीच्या दिवशीही अशी रडली नव्हती मी.

रागिणी माह्याजवळ येऊन फरशीवर बसली. बॅग बाजूले ठेवली. म्हणाली, "आई, तो गेल्यापासून मी त्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. घेऊच शकत नव्हती. तुमी ते ह्याले देऊन टाकलं होतं, मंग मी कोणाले हाक मारू?"

"मी मंडळीसमोर सांगतलं," मी म्हटलं. "पाटीवर जोएल होतं म्हणून."

"मले कळलं. कालच मंडळीतून फोन आला." तिनं माह्याच पदरानं माहं तोंड पुसलं, जसं पेशंटचं पुसतात. "आता घ्या नाव. आता ते त्याचंच आहे."

"अमोल," मी म्हटलं.

"अमोल," ती म्हणाली, अन् तिचा बांध फुटला. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

आमी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून त्याचं नाव घेत राहिलो, अमोल, अमोल. जोएल मधात दबला होता, झाकण चाटत. त्या नावावर त्यानं एकदाही मान वर केली नाही.